पोरगं पोलंडला निघालं, स्पॉन्सरने काय करावं?

पत्र:

नमस्कार. मी मूळचा साताऱ्याचा, पण आता आयुष्य मँचेस्टरमध्येच गेलं म्हणायचं. गॉर्टन भागात माझं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज आहे. मुलाच्या नादाने इथल्या बेल व्ह्यू क्लबला स्पीडवे, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरची बाईक रेस, बघायला गेलो आणि कायमचा अडकलो. तिथे रेस करणाऱ्या एका इथल्याच पोराला मी गॅरेजतर्फे दर सीझनला थोडे पैसे देतो. त्याच्या रेससूटवर आणि व्हॅनवर आमचं नाव आहे. इंग्रज असून मला 'काका' म्हणतो. आता तो एकवीस वर्षांचा झालाय. पोलंडच्या एका क्लबशी त्याने करार केलाय आणि स्वीडनमधूनही त्याला बोलावणं आहे. पुढच्या सीझनपासून ब्रिटिश लीग सोडणार, असं त्याने सांगितलं, तेही मी फोन करून विचारल्यावर. स्टँडवरचे माझे मित्र त्याला गद्दार म्हणतात. ही म्हणते, पोटापाण्याचा प्रश्न आहे, जाऊ द्या. मुलगा म्हणतो, रॉबर्ट लॅम्बर्टसारख्या ब्रिटिश रायडरने तेच केलं, मग यानेच काय घोडं मारलंय? मला विचाराल तर रोहित शर्मासुद्धा रणजी खेळायला आला. मग चांगल्या रायडरनी घरच्या लीगमध्ये उतरायला नको का? आणि मी पैसे बंद करू का?
– एक नाराज काका, मँचेस्टर

उत्तर:

काका, नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. अव्वल रायडरने घरच्या लीगमध्ये खेळावं का, हा एक. तुमच्या पोराने खेळावं का, हा दुसरा. माझी दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत. त्याने सांगितलं नाही, तुम्हाला विचारावं लागलं, हे तुम्ही एका वाक्यात उरकलंय, पण खरं दुखणं तेच असावं असं मला वाटतं. त्याकडे शेवटी येतो.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगायला हवं. लंबगोल मातीचा ट्रॅक, चार रायडर, चार फेऱ्या, एका मिनिटाच्या आसपास सगळं संपतं. बाईक ५०० सीसीची, मिथेनॉलवर चालणारी, गिअर एकच आणि ब्रेक नाहीच. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं आणि पोलादी तळ बसवलेला डावा बूट मातीवर टेकवत बाईक सांभाळायची. पहिल्याला तीन गुण, मग दोन, एक, आणि चौथ्याला भोपळा. अशा पंधरा हीट झाल्या की ब्रिटिश लीगचा एक सामना होतो.

आता तुमचा रणजीचा दाखला. रोहित जानेवारी २०२५ मध्ये बीकेसीला जम्मू-काश्मीरविरुद्ध मुंबईकडून उतरला, विराट त्याच महिन्यात दिल्लीकडून. दोघांना बघायला गर्दी लोटली, हेही खरं. पण ते आले त्याच्या आधी काय काय घडलं होतं? २०२४ मध्ये श्रेयस अय्यर आणि ईशान किशन यांना बोर्डाच्या वार्षिक करारांतून वगळलं, तेव्हा देशांतर्गत क्रिकेट टाळल्याचीच चर्चा होती. पुढे बोर्डाने घरचं क्रिकेट खेळण्याची सक्तीच केली. बोर्ड हे करू शकतं, कारण पगार बोर्ड देतं, दुखापत झाली तर उपचार आणि पुनर्वसन बोर्ड बघतं, आणि वेळापत्रकही तेच आखतं.

स्पीडवेच्या रायडरला असा कुणी मायबाप नाही. तो स्वतःच एक छोटा धंदा असतो. बाईक त्याच्या, इंजिनं त्याची, मेकॅनिकचा पगार त्याच्या खिशातून, व्हॅनचं डिझेलही त्याचंच. क्लब त्याला बहुतेक करून गुणांमागे पैसे देतो. पडला, हात मोडला, तर गुण नाहीत आणि गुण नाहीत तर पैसेही नाहीत. मेकॅनिकच्या घरी मात्र चूल पेटायचीच असते. तुम्ही गॅरेज चालवता, त्यामुळे हे गणित मी तुम्हाला शिकवायला नको. म्हणूनच पोलंडचं नाव निघालं की रायडरचे डोळे चमकतात. तिथल्या एक्स्ट्रालीगामध्ये, म्हणजे अव्वल लीगमध्ये, करारावर सही करतानाच एक मोठी रक्कम मिळते, शिवाय गुणांमागे पैसे वेगळे. तोरुन, व्रोत्सवाफ, लुब्लिन अशा शहरांत हजारोंनी लोक येतात, सामने टीव्हीवर दिसतात, महापालिका आणि मोठ्या कंपन्या पैसा ओततात. मँचेस्टरच्या सोमवार संध्याकाळची त्याच्याशी बरोबरी होणार नाही.

आता त्याचा आठवडा बघा. पोलंडची लीग मुख्यतः शुक्रवारी आणि रविवारी, ब्रिटनची सोमवारी आणि गुरुवारी, स्वीडनची मंगळवारी, डेन्मार्कची बुधवारी. ग्रँड प्रीमध्ये, म्हणजे जगज्जेता ठरवणाऱ्या मालिकेत, असेल तर शनिवारही गेला. रविवारी रात्री व्रोत्सवाफला शेवटची हीट संपते. अंगावरची माती धुवायची, मिळेल ते विमान पकडायचं, सोमवारी दुपारी मँचेस्टरला उतरायचं आणि संध्याकाळी रेस सुरू करणाऱ्या टेपमागे उभं राहायचं. पोलंडमधली बाईक पोलंडमध्येच राहते, इथे दुसरी हवी, स्वीडनला तिसरी. प्रत्येक देशात व्हॅन, मेकॅनिक, सुटे भाग यांची वेगळी सोय. इंजिन ठराविक हीट पळालं की ट्यूनरकडे जातं, आणि बिल कुणाच्या नावावर फाटतं ते तुम्हाला माहीत आहे. चार लीग म्हणजे पैसा चौपट असं बाहेरून वाटतं. हिशेब मांडून बसलं की एखादी लीग चक्क तोट्यात निघते, आणि ती बहुधा ब्रिटिशच असते.

शिवाय शरीर आहे. ब्रिटनचा टाय वॉफिंडन तीन वेळा जगज्जेता, २०१३, २०१५ आणि २०१८. स्कन्थॉर्पचा जन्म, लहानाचा मोठा पर्थला झाला. मधली कित्येक वर्षं तो ब्रिटिश लीगपासून लांबच राहिला, तेव्हाही 'गद्दार' हा शब्द ऐकू यायचा. मग २०२३ मध्ये शेफील्डकडून परत आला. आणि २०२५ च्या मार्चमध्ये पोलंडमध्ये क्रोस्नोला, सीझन धड सुरूही झाला नव्हता तेव्हा, एका सराव सामन्यात असा पडला की किती हाडं मोडली याची यादीच छापून आली. इंग्लंडमधले ट्रॅक खराब म्हणून रायडर जातात असं म्हणतात, त्यात तथ्य आहे, पण पोलंडची माती मऊ नाही. जितके जास्त सामने, तितक्या जास्त वेळा ते पहिलं वळण. एखादा रायडर 'मी एक लीग कमी करतो' म्हणाला, तर त्याच्या निष्ठेवर बोट ठेवण्याचा हक्क स्टँडवर चहा पीत बसणाऱ्याला नाही. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं.

गंमत अशी की 'घरची लीग' हा मुद्दा ब्रिटनमध्ये पूर्वी कुणाच्या मनातही येत नव्हता. का, तर तेव्हा जगातले सगळे चांगले रायडर इथेच येऊन खेळत होते. सहा वेळा विश्वविजेता इव्हान मॉगर न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चचा, तो तुमच्या बेल व्ह्यूकडूनच खेळला. डेन्मार्कचा ओले ओल्सेन वुल्व्हरहॅम्प्टन आणि कॉव्हेंट्रीकडून, हान्स नील्सन ऑक्सफर्डकडून. कॅलिफोर्नियाचा ब्रूस पेनहॉल क्रेडली हीथकडून खेळायचा, आणि १९८१ ला वेम्बलीत नव्वद हजारांहून अधिक लोकांसमोर तो जगज्जेता झाला. तेव्हा एकाही इंग्रजाने 'अरे, तू तुझ्या घरी खेळ ना' असं त्याला म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. १९९० नंतर पोलंडने परदेशी रायडरांना दारं उघडली, पैसा तिकडे गेला, त्याच्या मागोमाग रायडर गेले. पोलंडचा बार्तोश झ्मार्झलिक सहा वेळा जगज्जेता झालाय, २०२५ चं अजिंक्यपदही त्याचंच, आणि तो घरच्या लीगमध्ये खेळतो. त्याबद्दल त्याची कुणी आरती करत नाही. त्याचं घर आणि पैसा एकाच देशात आहेत, एवढंच.

तेव्हा पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं: जो शिखरावर पोचलाय त्याच्यावर घरच्या लीगचं बंधन नसावं. आला तर आनंद, नाही आला तर रुसवा नको. लीगला तो हवा असेल तर लीगने त्याला परवडेल असं काहीतरी करावं: वेळापत्रक, ट्रॅकची निगा, वेळेवर पैसे. राष्ट्रीय संघाचा मुद्दा तुम्ही काढला नाहीत, पण कुणीतरी काढेलच म्हणून सांगतो. २०२१ मध्ये ब्रिटनने स्पीडवे ऑफ नेशन्स जिंकली, १९८९ नंतरचं पहिलं सांघिक विश्वविजेतेपद, आणि तेही तुमच्याच मँचेस्टरच्या स्टेडियमवर. २०२४ ला तिथेच पुन्हा जिंकली. दोन्ही वेळा डॅन ब्यूली आणि रॉबर्ट लॅम्बर्ट होते. ब्यूली बेल व्ह्यूकडे खेळून वाढला आणि पोलंडबरोबर ही लीगही खेळत राहिला. लॅम्बर्ट किंग्ज लिनला घडला आणि मग त्याने पोलंडला पहिला मान दिला. पदक दोघांच्याही गळ्यात. त्या रात्री तुम्ही स्टँडमध्ये असणारच. लॅम्बर्टसाठी टाळ्या वाजवताना हात आखडले होते का?

आणि एक गोष्ट, जी तुमच्या मित्रांच्या कानावर घालाच. कधी कधी घरची लीगच रायडरला बाहेर काढते. ब्रिटनमध्ये प्रत्येक रायडरची सरासरी काढतात. समजा एका सामन्यात त्याने पाच हीटमध्ये तेरा गुण घेतले, तर तेरा गुणिले चार भागिले पाच, म्हणजे १०.४. सीझनभराची अशी सरासरी निघते, आणि संघातल्या रायडरांच्या सरासरीची बेरीज एका मर्यादेच्या आत बसवावी लागते. ती मर्यादा हिवाळ्यात ठरते. हेतू चांगला आहे, एकाच क्लबने सगळे शेर गोळा करू नयेत. पण दहाच्या वर सरासरी असलेला एक गडी घेतला की बाकीच्यांसाठी चिल्लर उरते. मग क्लबचा मालक कागद-पेन घेऊन बसतो, आणि सहा-सात सरासरीचे दोन परदेशी घेणं त्याला सोपं जातं. घरचा पोरगा जितका चांगला होतो, तितका संघात बसवायला जड होतो. तुमच्या पोराला इथल्या क्लबने पुढच्या वर्षासाठी जागा देऊ केली होती का, हे तुम्ही त्याला विचारलंत? पत्रात तसं काही दिसत नाही. कदाचित त्याने लीग सोडलेली नाही, लीगच्या बेरजेत तो बसलाच नसेल, आणि हे सांगायला त्याला लाज वाटली असेल.

आता दुसरा प्रश्न, तुमच्या पोराचा. इथे मी तुमच्या बाजूला येतो, फक्त कारण वेगळं आहे.

एकवीस वर्षांच्या पोराला पैशापेक्षा हीट हव्यात. पोलंडच्या संघात जागा मोजक्या. दोन जागा एकवीस वर्षांपर्यंतच्या ज्युनिअरांच्या, त्या तिथल्या पोरांसाठी. परदेशी तरुणाला जागा मिळते ती बहुधा चोविशीच्या आतली म्हणून, आणि त्या एका जागेवर अनेकांचा डोळा. दोन सामन्यांत दोन-दोन गुण आले की तिसऱ्या रविवारी दुसरा कुणीतरी उतरतो, आणि हा पिटमध्ये हाताची घडी घालून उभा. अशा वेळी स्वीडनचा एक मंगळवार पुरत नाही. ब्रिटनमध्ये सोमवारी चार-पाच हीट मिळतात, त्याही दर वेळी वेगळ्या आकाराच्या ट्रॅकवर. कुठे वळणं इतकी आवळलेली की थ्रॉटल सोडल्याशिवाय गत्यंतर नाही, कुठे मोकळी. ऑस्ट्रेलियाची पोरं आजही अर्धं जग ओलांडून इथे येतात ती हवा खायला नव्हे. प्रीमियरशिपमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या अव्वल लीगमध्ये, २०२१ मध्ये 'रायझिंग स्टार' नावाची एक राखीव जागा सुरू केली होती, तरुणांना मोठ्यांबरोबर उतरता यावं म्हणून. तुमचा पोरगा त्याच वाटेने वर आला असेल.

आणि 'ब्रिटिश लीग खेळलं की वर जाता येत नाही' असं त्याला कुणी सांगितलं असेल, तर ब्रॅडी कुर्ट्झचं उदाहरण तुमच्या डोळ्यासमोरचं आहे. ऑस्ट्रेलियाचा हा गडी २०२५ मध्ये बेल व्ह्यूकडून खेळला, पोलंडमध्येही खेळला, आणि ग्रँड प्री मालिकेतल्या शेवटच्या पाच स्पर्धा लागोपाठ जिंकला. जगज्जेतेपद हुकलं ते फक्त एका गुणाने, झ्मार्झलिककडून. सोमवारच्या मँचेस्टरमुळे हुकलं असं म्हणायला कुणाची जीभ रेटेल असं मला वाटत नाही. ब्यूलीही तसाच: २०२२ मध्ये कार्डिफची ग्रँड प्री त्याने जिंकली आणि त्याच वर्षी बेल व्ह्यूने लीग. बाईक टेपमागे जितक्या वेळा उभी राहील तितकी सुरुवात सुधारते, आणि या खेळात अर्धी रेस सुरुवातीतच संपते.

म्हणून मी त्याच्या जागी असतो तर पोलंड धरलं असतं, घरची लीग आणखी एखादं वर्ष ठेवली असती, आणि स्वीडनला 'पुढच्या वर्षी बघू' म्हटलं असतं. पोलंडमधली जागा पक्की झाली, दर रविवारी पाच हीट मिळायला लागल्या, की मग खुशाल मँचेस्टर सोडावं. पण हे त्याला तुम्ही सांगायचं ते स्पॉन्सर म्हणून नाही. ज्याच्या हातात चेकबुक असतं त्याचा सल्ला पोरांना धमकीसारखा ऐकू येतो.

आता पैसे. माझं मत स्पष्ट आहे: बंद करा. थांबा, रागाने नाही. गॅरेजचं नाव त्याच्या सूटवर का आहे? गॉर्टनमधल्या माणसाने ते वाचावं आणि एमओटीला, म्हणजे वार्षिक तपासणीला, गाडी तुमच्याकडे आणावी म्हणून. पोलंडमध्ये एखाद्याच्या गाडीच्या काचेचा टवका उडाला तर तो माणूस साताऱ्याच्या काकांकडे येणार आहे का? जाहिरात म्हणून ते पैसे तिकडे वाया जातात. आणि जर ते जाहिरातीसाठी नव्हतेच, प्रेमापोटी होते, तर प्रेमापोटी दिलेल्या पैशाच्या बदल्यात 'तू माझ्या गावात खेळ' असं मागता येत नाही. दोन्हीपैकी कुठलं खरं, ते तुम्ही ठरवा. बहुधा दोन्ही थोडं थोडं आहे, म्हणून तर इतका त्रास होतोय.

एक पथ्य पाळा. या सीझनसाठी जे कबूल केलंय ते पूर्ण द्या, आणि पुढचं नाही हे आत्ताच सांगा, हिवाळा सुरू होण्याआधी. त्याला त्याचं बजेट मांडायचं असतं. फेब्रुवारीत हात वर केलेत तर स्टँडवर तुमच्याबद्दलही बोललं जाईल. आणि तो म्हणाला की 'काका, मी एक वर्ष सोमवारी येतोय', तर पैसे चालू ठेवा, पण चार ओळी लिहून घ्या: किती सामने, नाव कुठे, दुखापतीत काय. तुम्ही गिऱ्हाइकाला एस्टिमेट न देता इंजिन उघडत नाही ना?

फोनवर मात्र हे बोलू नका. त्याला घरी जेवायला बोलवा. वहिनींना सांगा, काहीतरी झणझणीत करा, इतक्या वर्षांत त्याला सवय झाली असेल. पैशाचा विषय जेवणानंतर. आधी विचारा की क्लबने जागा दिली होती का. मग विचारा की पोलंडमध्ये आडवा झाला तर विम्यात काय काय बसतं: नुसतं हॉस्पिटल, की घरी परत आणण्याचा खर्च आणि कमाई बुडाल्याची भरपाईसुद्धा? या वयाची पोरं विम्याचा कागद वाचत नाहीत. सही करतात आणि ग्लव्हबॉक्समध्ये टाकतात. तुम्ही वाचा. त्या पोराला तुमच्या पैशापेक्षा या एका कामाचा जास्त उपयोग होईल. आणि त्याने स्वतःहून का सांगितलं नाही, हे विचारूच नका. एजंटने गप्प राहायला सांगितलं असेल, किंवा तुमच्यासमोर तोंड उघडेना झालं असेल. जेवताना आपणहून बोलला तर ऐका.

उरलेले पैसे कुठे लावायचे, असंही तुम्ही विचाराल म्हणून सांगतो. बेल व्ह्यूच्या कोल्ट्सचा, म्हणजे त्यांच्या तरुण संघाचा, एखादा सामना बघून या. तिथे पंधरा-सोळाची पोरं दुसऱ्याची जुनी इंजिनं घेऊन पळतात, आणि बाप स्वतः मेकॅनिकचं काम करत असतो. लगेच कुणाचं नाव ठरवू नका. पिटमध्ये जाऊन बघा, कुठल्या बापाच्या हातात पान्हा आहे आणि कुणाच्या हातात मोबाईल. पहिल्याशी बोला, आणि सुरुवातीला रोख देण्याऐवजी तुमच्या गॅरेजमध्ये त्याची व्हॅन फुकट सर्व्हिस करून द्या.